दोनशे बारा कुप्यांचा मृत्यू

१

दोनशे बारा कुप्या होत्या आणि एकीतही जीव उरलेला नव्हता.

शिरोली एमआयडीसीतल्या ‘दहिवर’ कारखान्याचे मालक जोतीराम माने यांनी ही बातमी फोनवर सांगितली, तेव्हा बुधवारी सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. ऐकणारे नागसेन शिंगे हातातला कप कठड्यावर ठेवायला गेले. कप कठड्यावर बसलाच नाही, खाली पडला.

"नागसेना, धोंडुबाईचे जंतू गेले," जोतीराम म्हणाले. "तीनदा मोजले. तांबड्यात अर्धा तास ठेवून, हलवून, रीतसर. एक उठला नाही."

"सगळे गेले?"

"सगळे म्हणजे सगळे. फ्रीझरमधला शेवटचा मणीसुद्धा."

नागसेन यांना हे जंतू ठाऊक होते. चंदगडच्या डोंगरातल्या एका वाडीत धोंडुबाई नावाच्या बाईचं दही भर पावसाळ्यातही बिघडत नाही आणि वाडीतल्या पोरांची पोटं त्यावर ठणठणीत राहतात, हे सहा वर्षांपूर्वी जोतीरामनी हेरलं. त्या दह्यातला एक जंतू त्यांनी वेगळा काढला, गोठवून वाळवला आणि मोहरीएवढ्या मण्यांत बंद केला. मण्याचं कवच समुद्री शेवाळाच्या खळीचं. ते जठराच्या आम्लात टिकतं आणि पुढे आतड्यात सुटतं. मणी काचेच्या कुपीत, कुप्या उणे वीस अंशांच्या फ्रीझरमध्ये. कारखान्यातून बाहेर पडणारी प्रत्येक पुडी या कुप्यांतल्या बियाण्यापासून तयार व्हायची.

नागसेन एका दूधसंघाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. तिथं अकरा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर जोतीराम बसायचे.

"शनिवारी चारला सगळ्या कुप्या वाफेत घालून नष्ट करायच्यात," जोतीराम सांगत होते. "त्याआधी बाहेरच्या माणसाचा दाखला पाहिजे. जंतू मेले, आणि साठवणुकीतल्या हलगर्जीपणानं मेले."

"कुणाच्या हलगर्जीपणानं?"

"अनुजाच्या. फ्रीझर तिच्या ताब्यात. तिला घरी बसवलंय. तुझी सही झाली की पोलिसात तक्रार. पुन्हा कुठल्या लॅबच्या दारात उभी राहायची नाही ती."

नागसेन यांनी पडलेला कप पायानं बाजूला सारला.

"कुणी मारलं ते मला माहीत आहे," जोतीराम म्हणाले. "तू फक्त लिहून दे."

२

नागसेन साडेदहाला कारखान्यात पोचले. त्यांनी आधी फ्रीझर बघितला आणि माणसं नंतर.

तापमानाची नोंद सरळ रेषेत होती. ती फक्त एका गुरुवारी वाकली होती. उणे वीसवरून उणे अकरा, तीन तास, आणि पुन्हा खाली.

"ते मी केलंय," संग्राम म्हणाला. जंतू गोठवून वाळवणारं यंत्र चालवणारा हा इंजिनिअर तिशीतला, आवाजानं मोठा. "पॅनेलचं काम होतं, लाइट बंद केली. अनुजाला आधी सांगितलेलं. ती म्हणाली, दार उघडू नका, काही होत नाही. आता सगळी माझ्याकडं बघायला लागलीत. बघा म्हणावं. माझ्या ड्रायरमधनं निघालेला माल हाय तो, तीन तासात मरायला आईस्क्रीम न्हाय."

"बरोबर आहे तुमचं," नागसेन म्हणाले.

संग्राम भांडायच्या तयारीनं आला होता. त्यानं वर केलेला हात खाली घेतला.

नागसेन यांनी एक कुपी उजेडात धरली. झाकणाचं सील शाबूत होतं. आतल्या ओल शोषणाऱ्या खड्यांची पुडी निळीशार होती. ओल शिरली असती तर ती गुलाबी पडली असती. नीट वाळवलेला जंतू मारायचा तर त्याला ओल किंवा ऊब द्यावी लागते, आणि तीही कित्येक आठवडे. इथं दोन्ही नव्हतं. मयत समोर होतं आणि अंगावर जखम कुठंच नव्हती.

"मोजणीत काय काय वापरलं?" त्यांनी विचारलं.

"ते सायट्रेट का काय असतंय ते मुबशिराला विचारा. मी यंत्राचा माणूस." संग्रामनं आवाज थोडा खाली आणला. "साहेब, शनिवारी मालकांनी सगळ्यांना दोनला सोडलंय. कुप्या स्वतःच्या हातानं नष्ट करणार म्हणालेत. लई लागलंय त्यांच्या मनाला."

जोतीरामच्या खोलीत चहा आला. जोतीराम थकलेले दिसत होते.

"एक शेवटची आशा होती, नागसेना. मूळ मडकं. मागच्या सोमवारी मी स्वतः चंदगडला गेलो. चारपर्यंत इथं बँकेची माणसं होती, ती गेल्यावर गाडी काढली. म्हातारीनं आपल्या हातानं डब्यात विरजण घालून दिलं. बाहेरच्या लॅबमध्ये तपासून घेतलं." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "त्यातही आपला जंतू नाही. साधं दही. तिथलंही संपलं."

कागद खरा होता. शिक्का, सही, तारीख सगळं जागच्या जागी.

"लॅबमध्ये तू कधी गेलेलास?"

"खंडेनवमीला, यंत्रांच्या पूजेला. त्यानंतर पाऊल टाकलं नाही. मी आत गेलो की पोरी बिचकतात."

नागसेन यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. दोन्हीकडचे जंतू एकाच महिन्यात मेले होते. एकशे पंधरा किलोमीटर अंतरावर.

३

मुबशिरा दोन महिन्यांपूर्वी नोकरीला लागली होती. तिन्ही मोजण्या तिनं केल्या होत्या. नागसेन यांच्यासमोर ती शाळेतल्या मुलीसारखी हात बांधून उभी राहिली.

"माझ्या हातून काही चुकलं का, सर?"

"ते बघायलाच आलोय. जसं केलं तसं मला करून दाखव."

ती भिंतीतल्या कपाटाकडे गेली. दारामागे दोन मोठ्या बाटल्या होत्या. दोन्हींतलं द्रावण पाण्यासारखं स्वच्छ. एकीचं टोपण तांबडं, दुसरीचं पांढरं.

"तांबडा म्हणजे मणी विरघळवायचं द्रावण, सायट्रेट. पांढरा म्हणजे पातळ करायचं साधं निर्जंतुक पाणी. मणी तांबड्यात अर्धा तास हलवायचे, वरचं थोडं घ्यायचं, पांढऱ्यात पातळ करायचं आणि प्लेटवर पसरायचं. दोन दिवसांनी ठिपके मोजायचे. एक ठिपका म्हणजे एक जंतू वाढून झालेली वसाहत. मी तीनदा केलं, सर. प्लेट कोरी."

"बाटल्यांवर नावं नाहीत?"

"निर्जंतुक करताना वाफेत चिठ्ठ्या सुटतात. म्हणून रंगाची टोपणं."

"कुणी भरल्या या?"

"अनुजाताईंनी. बहिणीच्या लग्नाला जाताना महिनाभराचं करून ठेवलं. मग त्या आल्या आणि त्यांना दारातूनच परत पाठवलं."

"लग्नाआधीच्या महिन्यात मण्यांची मोजणी कुणी केली?"

"त्यांनीच. मी तोवर नुसत्या पावडरची करत होते. मण्यांची ही पहिलीच."

कोपऱ्यातल्या मोरीवर आक्काताई काचेच्या नळ्या धूत होत्या. त्यांनी मान न वळवता तोंड उघडलं.

"त्या नळ्या घासताना माझा जीव गेला."

"का हो मावशी?" नागसेन यांनी विचारलं.

"खाली साबुदाणा बसलेला. बारीक. अनुजा असताना नळी विसळली की झालं. ह्या खेपेला तीन येळा ब्रश घातलो, तरी घरंगळत हुते मेले."

नागसेन वळले. "हे तुम्ही कुणाला सांगितलं?"

"मला कोण इचारतंय? नळ्या धुणाऱ्या बाईला साबुदाण्याचं काय कळतंय, व्हय की न्हाय?"

मुबशिराच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. "मणी खाली राहतातच ना, सर? कवच राहतं, जंतू बाहेर येतात, असं मला वाटलं."

"काही राहत नाही, बाळ. कवचच पाणी होतं." नागसेन यांनी दोन नळ्या मागितल्या. एका कुपीतले मणी त्यांनी दोन्हींत सारखे टाकले. एका नळीत तांबड्या टोपणाच्या बाटलीतलं द्रावण ओतलं, दुसरीत पांढऱ्या. दोन्ही हलवायच्या यंत्रावर लावल्या आणि घड्याळ बघितलं. बारा वाजून पाच.

बारा पस्तीसला यंत्र बंद केलं.

तांबड्या टोपणाच्या नळीत मणी जसेच्या तसे तळाशी बसले होते. पांढऱ्या टोपणाच्या नळीत काहीच नव्हतं. नुसतं किंचित गढूळ पाणी.

मुबशिरानं तोंडावर हात ठेवला. आक्काताईंनी नळ बंद केला.

टोपणांची अदलाबदल झाली होती. दोनशे बारा कुप्या मेल्या आहेत हे आजवर कुणी तपासलंच नव्हतं. मणी कधी उघडलेच नव्हते.

"म्हणजे ते जिवंत आहेत?" मुबशिरा पुटपुटली.

"ठाऊक नाही. विरघळणं म्हणजे जिवंत असणं नव्हे. दोन दिवस लागतील. तोवर तुम्ही दोघींनी कुणालाच काही सांगायचं नाही. टोपणंही आहेत तशीच राहू देत." नागसेन यांनी तीन कुप्या बर्फाच्या डब्यात घेतल्या, रजिस्टरात नोंद केली, सही केली. "ज्यानं हे केलं तो याच इमारतीत चहा पितोय."

४

हुपरीत अनुजाचं घर गल्लीच्या टोकाला होतं. पुढच्या खोलीत चार माणसं पैंजणांना घुंगरू लावत बसली होती. आत अनुजा भिंतीला टेकून बसली होती. तिच्यासमोर एक वही उघडी होती आणि तिच्यात तिनं स्वतःच्या चुकांची यादी केली होती. सोळा नोंदी होत्या.

"जेवंना पोरगी," तिची आई म्हणाली. "तुमी तरी सांगा साहेब. बारा दिस झालं, दही पुढ्यात ठेवलं की उठून जाती."

नागसेन यांनी यादी वाचली. फ्रीझरचं दार एकदा चाळीस सेकंद उघडं राहिलं, हीसुद्धा नोंद होती.

"यातलं एकही जंतू मारत नाही," ते म्हणाले.

"मग मेले कशानं? फ्रीझर माझ्या ताब्यात होता, सर. आता मलाच वाटायला लागलंय की मीच मारले." तिच्या आवाजात रडू नव्हतं. ते संपून गेलं होतं.

नागसेन यांनी तिला नळ्यांचं काहीच सांगितलं नाही. खोटी आशा लावायची नव्हती. त्यांनी फक्त विचारलं, "रंगीत टोपणं कधीपासून?"

"दिवाळीनंतर. खंडेनवमीच्या वेळी सगळी निळीच होती. रंगीत आल्यावर नव्या मुबशिराचा गोंधळ नको म्हणून मी कपाटाच्या दाराला आतून चिठ्ठी लावली. ‘तांबड्यात विरघळव, पांढऱ्यात पातळ कर.’" ती ओझरती हसली. "तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावरनं. आमच्या दोघींतलीच नावं ती. कागदोपत्री आम्ही सायट्रेटच लिहितो. आबांना असली थट्टा खपत नाही, त्यांच्यासमोर तोंडातनं काढायची सोय नाही."

आबा म्हणजे जोतीराम.

नागसेन यांनी वही मिटायला हात पुढे केला होता. तो तिथंच थांबला. बुधवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी फोनवर ऐकलेलं वाक्य त्यांना शब्दन् शब्द आठवलं. तांबड्यात अर्धा तास ठेवून. तेव्हा त्यांनी ते कानाआड केलं होतं. जोतीरामला संकटातही जेवणाचे शब्द सुचतात, एवढंच त्यांना वाटलं होतं.

"सर? बरं वाटत नाही का?"

"धोंडुबाईबरोबर कंपनीचा करार आहे ना? त्यात काय आहे?"

"पुडीवर तिचं नाव छापायचं. आणि गावाच्या समितीनं हो म्हटल्याशिवाय जंतू दुसऱ्या कुणाला द्यायचे नाहीत. दिवाळीत पुण्याची एक मोठी कंपनी आली होती, त्यांना हा जंतू नावासकट स्वतःचा करून पाहिजे होता. गावानं नाही म्हटलं."

"करार कधी संपतो?"

अनुजानं थोडा विचार केला. "जंतू संपले की. कंपनीत आणि धोंडुबाईच्या घरी, दोन्हीकडे."

पुढच्या खोलीतला घुंगरांचा आवाज एकदम मोठा वाटू लागला. अनुजानं मान वर केली. तिला अजून काही कळलं नव्हतं, पण नागसेन यांचा चेहरा तिनं बघितला आणि वही स्वतःच मिटली.

५

गुरुवारी सकाळी नऊला नागसेन यांनी जुन्या दूधसंघाच्या प्रयोगशाळेत तीन कुप्यांचे मणी स्वतः बनवलेल्या सायट्रेटमध्ये विरघळवले, प्लेटा लावल्या आणि इनक्युबेटरचं दार बंद केलं. त्यांनी स्वतःलाच सांगितलं की तांबडा हा शब्द जोतीरामच्या कानावर कुठूनही पडला असेल. मग मुबशिराला फोन करून विचारलं, तिन्ही मोजण्यांचा अहवाल जोतीरामना कसा दिला. लेखी, ती म्हणाली, आणि लिहिलं सायट्रेट. संग्रामला तर ते नावसुद्धा धड येत नव्हतं.

एका शब्दावर अकरा वर्षांची मैत्री मोडायची त्यांची तयारी नव्हती. शुक्रवारी सहाच्या एसटीनं ते चंदगडला गेले.

वाडीवर पोचायला अकरा वाजले. धोंडुबाई गोठ्याबाहेर शेण गोळा करत होत्या. पंचाहत्तरीच्या असाव्यात. घराच्या आरशाच्या चौकटीत ‘दहिवर’ची एक रिकामी पुडी खोचलेली होती.

"ह्ये माझं नाव," त्यांनी बोट ठेवून दाखवलं. "मला वाचाय येत न्हाय. पर हे पयलं अक्षर दिसलं की कळतंय. नातीनं शिकीवलंय."

"जोतीराम माने मागच्या सोमवारी इथं आले होते?"

"आलता की. गाडी खाली बांधाजवळ लावून वर आला, धापा टाकत. मी दिवा लावून बसलोतो."

"विरजण मागितलं?"

"मागिटलं."

"तुम्ही दिलंत?"

धोंडुबाईंनी शेणाची पाटी खाली ठेवली आणि पाहुण्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"दिवा लावल्यावर? पावणं, तुमचं गाव कंचं?"

त्यांच्या आईनं छप्पन्न साली, आठ वर्षांची असताना, आईबापांबरोबर देव सोडले. उपास सोडले, नवस सोडले. पण पुढे तिच्याकडे कुणी शेजारीण दिवेलागणीनंतर विरजण मागायला आली की ती म्हणायची, सकाळी ये. का, ते तिलाही सांगता यायचं नाही. जोतीराम चारनंतर शिरोलीहून निघाला होता. तीन तासांचा रस्ता, डिसेंबर महिना. तो अंधार पडल्यावरच पोचणार होता.

"मी म्हणलो, वसरीवर नीज, सकाळी घिऊन जा," धोंडुबाई सांगत होत्या. "न्हाय म्हणला. चा पिला आन् गेला."

"दुधाचा चहा?"

"मग काय काळा देऊ? घरातलं दूध घरातच प्याला. भाईर थोडंच न्हेलं?"

"पुन्हा आला नाही?"

"न्हाय. का वं? काय झालं?"

डब्यात विरजण घालून देणारा हात नागसेन यांच्यासमोर होता. त्या हातानं सोमवारी काहीच दिलं नव्हतं. बाहेरच्या लॅबनं तपासलेलं साधं दही कुठल्याही डेअरीतलं असू शकत होतं. ते ओसरीच्या पायरीवर बसले. शब्द एकटा होता, आता त्याला साक्षीदार मिळाला होता, आणि तो मिळू नये असं त्यांना इथवर येईपर्यंत वाटत होतं.

"तुमचं दही मेलं म्हणून त्यांनी कागद आणलाय," ते म्हणाले.

धोंडुबाई आत गेल्या आणि वाटी घेऊन आल्या. "खाऊन बघा."

नागसेन यांनी खाल्लं. मग आपला डबा पुढे केला. "विरजण द्याल?"

"देतो की. दीस हाय अजून."

६

शनिवारी तीन वाजून वीस मिनिटांनी जोतीरामच्या खोलीत पाच माणसं होती. संग्राम, मुबशिरा आणि आक्काताईंना नागसेन यांनी थांबवून घेतलं होतं. अनुजा दाराजवळ उभी होती. बस म्हटलं तरी बसेना. आक्काताई चहा घेऊन आल्या आणि परत गेल्याच नाहीत.

"हिला कशाला बोलावलंस?" जोतीराम अनुजाकडे न बघता म्हणाले. "दाखला आणलायस ना?"

"आणलाय."

नागसेन यांनी पिशवीतून एक प्लेट काढून टेबलावर ठेवली. झाकणाखाली पांढरे ठिपके होते, टाचणीच्या डोक्याएवढे, एकमेकांपासून सुटे. एकशे शहाऐंशी.

"ही त्याच फ्रीझरमधली कुपी. आज सकाळी साडेनऊला मोजली. तिन्ही कुप्यांचं असंच आहे. एकही मेलेली नाही."

अनुजा पुढे आली. तिनं प्लेट दोन्ही हातांनी उचलली आणि खिडकीकडे नेली. प्लेट तिनं जराही तिरकी होऊ दिली नाही. मग ती हळूच खाली बसली, खुर्चीवर नव्हे, फरशीवर.

"मग मोजणीत काय झालं?" संग्रामनं विचारलं.

"टोपणं बदलली होती. मणी साध्या पाण्यात हलवत होते. आक्काताईंनी साबुदाणा बघितला, आणि आपण कुणी त्यांना विचारलं नाही."

"म्हणजे चूक," जोतीराम सावकाश म्हणाले. "बाटल्या अनुजानं भरल्या. तिचीच चूक."

"तिनं आधीच्या महिन्यात त्याच टोपणांनी बरोबर मोजणी केली होती. आणि चूक असती तर ती कपाटात राहिली असती, चंदगडला गेली नसती." नागसेन यांचा आवाज चढला नव्हता. "बुधवारी तू मला फोनवर म्हणालास, तांबड्यात ठेवून मोजले. हा शब्द या दोघी आपसात वापरतात. अहवालात तो नाही, संग्रामला तो माहीत नाही. लिहिलेला आहे फक्त कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, आणि तोही दिवाळीनंतर. तू तर खंडेनवमीनंतर लॅबमध्ये गेला नाहीस."

जोतीरामनी चष्मा काढला.

"कानावर आला असेल कुठून तरी."

"मीही तेच धरून चाललो. दोन दिवस. मग धोंडुबाईकडे गेलो. तू म्हणालास, तिनं आपल्या हातानं विरजण दिलं. तू पोचलास तेव्हा तिनं दिवा लावलेला होता, जोतीराम."

दाराशी उभ्या आक्काताई कुणालाही उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, "दिवेलागणीनंतर कोण विरजाण देतंय."

खोलीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. जोतीरामच्या आईलाही ठाऊक असणार. त्यांच्या चेहऱ्यावर नागसेन यांना पहिल्यांदा काहीतरी तुटताना दिसलं, आणि ते बघायला नको होतं असं वाटलं.

"दोन्हीकडे मेले की करार संपतो," नागसेन पुढे म्हणाले. "आज दोनला सगळ्यांना घरी पाठवलं होतंस. यातल्या किती कुप्या खरंच वाफेत जाणार होत्या आणि किती नवीन नाव घेऊन पुण्याला, ते तुलाच माहीत. तुला माझी सही हवी होती, कारण माझ्या सहीवर कुणी शंका घेत नाही. तू जंतू मारले नाहीस. या मुलीला मारायला निघालास."

"आबा," मुबशिरा म्हणाली.

संग्राम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

जोतीराम बोलले तेव्हा आवाज अगदी साधा होता. "मणी माझे आहेत, नागसेना. सहा वर्षं घातली मी. किती खळ, किती वेळ, किती थंडी. वाळवताना शंभरातले नव्वद मरायचे, ते मी वाचवले. पुडीवर नाव तिचं. विकायचं तर तिच्या गावाला विचारायचं. तिनं काय केलं? दूध विरजलं."

"रोज," नागसेन म्हणाले. "एक दिवस न चुकता, साठ वर्षं. तुझा फ्रीझर सहा वर्षांचा आहे."

जोतीरामनी चष्मा पुन्हा घातला नाही.

"त्या मण्यांबद्दल तुझं नाव मी कुठंही घेतलं असतं," नागसेन म्हणाले. "तू नुसतं सांगायचं होतंस."

७

दाखला तीन ओळींचा होता. कुप्यांतले जंतू जिवंत आहेत. साठवणुकीत कोणताही दोष नाही. मोजणीच्या द्रावणांची टोपणं मुद्दाम बदलण्यात आली. कुणी बदलली याबद्दल नागसेन यांचं निवेदन सोबत. एक प्रत गावाच्या समितीला, एक अनुजाला. नागसेन यांनी सही केली, खाली वेळ घातली: चार वाजून दोन मिनिटं. निर्जंतुक करायच्या यंत्राचं झाकण उघडंच होतं आणि आत काही नव्हतं.

जोतीराम खोलीतून बाहेर आले नाहीत. कुणी त्यांना हाक मारली नाही.

लॅबमध्ये अनुजानं कपाट उघडलं. दाराच्या आतली चिठ्ठी वाचली, जणू दुसऱ्या कुणाच्या अक्षरातली होती. दोन्ही बाटल्या तिनं मोरीत ओतल्या आणि टोपणं वेगवेगळी उकळायला ठेवली.

"नवीन करते," ती म्हणाली. "या वेळी काचेवर कोरून घेते नाव. हुपरीत कोरणारे पुष्कळ आहेत."

मग ती थांबली. "सर, आबांनी मला शिकवलं होतं. मणी पहिल्यांदा विरघळताना त्यांनीच दाखवले. म्हणाले होते, बघ, आता श्वास घेतील."

नागसेन यांनी पिशवीतून आपला डबा काढला. धोंडुबाईंचं विरजण. अनुजानं झाकण उघडलं, वास घेतला, चमचाभर नमुन्याच्या नळीत काढलं. मग दुसरा चमचा भरला आणि तिथंच उभ्यानं खाल्ला. पंधरा दिवसांनंतर.

आक्काताई हातातला ब्रश ठेवून जवळ आल्या होत्या. पदराखालून त्यांनी एक वाटी पुढे केली.

"मला पण घाला की त्यातलं थोडं. नातवाचं पोट बरं न्हाय."

अनुजानं नागसेन यांच्याकडे बघितलं. नागसेन यांनी घड्याळाकडे बघितलं. पाच वाजून दहा मिनिटं.

"बघता काय," आक्काताई म्हणाल्या. "दिवा लागायच्या आत द्या."